हलत्या वस्तीचं पाणी

पिशोर, ता. कन्नड
१२ फेब्रुवारी २०२४

प्रांजली बाळा,

आशीर्वाद आहेतच. दर पत्रात ते नव्यानं लिहिले की मागचे संपले होते असं वाटतं, म्हणून लिहीत नाही.

मागे तू फोन केलास, तो आमच्या सौ. यमुनाबाईंनी माझ्या कानाला लावला. मला गिरणीसारखी घरघर तेवढी ऐकू आली. माझ्या कानांनी राजीनामा दिला आहे, डोळे अजून नोकरीत आहेत. तेव्हा काय सांगायचं ते लिहून सांग. चार ओळी असल्या तरी चालतील, पण शाईच्या असू देत.

काल तुझा बाप आला होता. मुंजाबाचा आवाज माळावर मेंढरांमागं वाढलेला, तो मला अजून पोचतो. यंदा तुमची पालं टेकडीच्या उतारावर पडली आहेत. शेतवाल्यानं खतासाठी मेंढ्या बसवून घेतल्यात, पण चारा नाही आणि विहिरीत बघावं तर आपलंच तोंड दिसत नाही. मुंजाबा मात्र ताठ होता. म्हणाला, "गुर्जी, आमची प्रांजली लई मोठ्या कामावर हाये. तालुक्याचे समदे टँकर तीच पाठवती."

मी म्हटलं, "अरे, ती ड्रायव्हर झाली की काय?"

"नाय वो! कांप्युटरमधून पाठवती."

तुमच्या पालांतली सारजाबाई पाठीमागं उभीच होती. माझ्या कानाशी येऊन ओरडली, "मंग जरा गार पाठीव म्हणावं! कांप्युटरात कूलर आसंल की."

मला तू पाचवीच्या वर्गात खिडकीपाशी उभी दिसतेस. पावसाची कविता म्हणताना एक कडवं नेहमी गाळायचीस. एकदा रागावून विचारलं तर म्हणालीस, "त्यात पूर येतो गुर्जी, आन आमची पालं नदीकाठीच हायती." त्या दिवशी वर्गात कविता मला पहिल्यांदा कळली असं वाटतं. आता त्या नदीत पुराला धरून आणायचं म्हटलं तरी यायचा नाही.

तर, तू नक्की करतेस काय, ते मला समजेल असं लिही.

तुझे,
सदाशिव गुरुजी


हर्सूल, छ. संभाजीनगर
२८ फेब्रुवारी २०२४

गुरुजी,

नमस्कार. पेन घेऊन बसले तर बोटंच अवघडली. अक्षराकडे बघू नका, निदान लाल शाईनं तरी बघू नका.

माझं काम सांगते. वाड्यात मेंढरं असतात ना, कोणाची कोणती, आत किती, चरायला किती, खूण कसली, हे बाबांच्या डोक्यात असतं. तसाच एक वाडा सर्व्हर नावाच्या यंत्रात असतो, त्याला डेटाबेस म्हणतात. एकाच वेळी बरीच माणसं त्यात काही ठेवतात, काही काढतात. गोंधळ होऊ नये, काही हरवू नये म्हणून मी राखण करते. बाबांचंच काम म्हणा, फक्त लोकर निघत नाही.

आमच्या वाड्यात सध्या टँकर आहेत. कोणती वस्ती, माणसं किती, जनावरं किती, पाणी कुठं भरायचं, कुठं रिकामं करायचं. सकाळी ड्रायव्हरच्या मोबाईलवर त्याची त्याची फेरी जाते. ही सगळी माहिती सरकारी कचेरीतून आणि ग्रामसेवकांकडून येते. बाबांना सांगा, मी पाठवत नाही, मी सांभाळते. तसं ते ऐकणार नाहीत म्हणा.

आमचे साहेब मंदार सर. त्यांचे आजोबा गावोगाव पूजा सांगायचे, हे दसऱ्याला सर्व्हरला हळदकुंकू वाहतात आणि वर्षभर त्याला शिव्या देतात.

इथं आमच्या धंद्यातल्या लोकांचं एक मंडळ आहे. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी टी.व्ही. सेंटर भागातल्या एका क्लासच्या खोलीत जमतो. कोण पुण्याला गेलं, कोण शेंद्र्याच्या नव्या कारखान्यात लागलं, कोणाच्या कॉलनीत नळाला पाणी कधी आलं, डेटाबेसची नवी आवृत्ती कशी आहे, अशा गप्पा असतात. पण एक रिवाज आहे. सुरुवातीला कोणीतरी उठून त्या महिन्यातली स्वतःची चूक सांगायची. जो सांगेल त्याचा चहा बाकीच्यांकडून. मागच्या वेळी एकानं सांगितलं की सरावासाठी ठेवलेली यादी समजून त्यानं खरी पुसली, आणि पगाराच्या दिवशी कारखान्यात एकही कामगार नाही असं दिसायला लागलं. लई हसलो. त्याला मात्र दोन चहा लागले.

मी अजून कधी उठले नाही. जानेवारीत आम्ही जुन्या यंत्रावरून नव्या यंत्रावर सगळा कारभार हलवला, तो मी एकटीनं. एक फेरी चुकली नाही. रोज रात्री साऱ्या माहितीची एक प्रत आपोआप निघते, म्हणजे यंत्र मेलं तरी प्रत राहते. सकाळी ऑफिसात गेले की तिच्यापुढं हिरवी खूण असते. ती बघितली की तुमच्याकडून शाबासकी मिळाल्यासारखं वाटतं.

तुमची,
प्रांजली


पिशोर
१४ मार्च २०२४

प्रांजली,

तुझं पत्र तीनदा वाचलं. एकदा मी, एकदा यमुनाबाईंनी मोठ्यानं, आणि एकदा मुंजाबासाठी. वाड्याची उपमा ऐकून तो इतका खूश झाला की कोकराला पाठीवर थोपटावं तसं त्यानं पत्रालाच थोपटलं.

टँकर टेकडीवर वेळेवर येतो. बायका हंडे लावतात, मुंजाबा दगडावर असा बसतो जणू वरात त्याच्याच दारी आली आहे. "ही फेरी पोरीची," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. उन्हं उतरल्यावर त्या हंड्यांवर जो केशरी उजेड पडतो, तो बघून मला दुष्काळाचा क्षणभर विसर पडतो. नंतर स्वतःचीच लाज वाटते.

तुझ्या त्या हिरव्या खुणेवरून आपल्या गोजरबाईंची आठवण झाली. आता त्या नातवंडांच्या आजी, पण माझ्या पहिल्या वर्षी चौथीत गोजरा होत्या. वर्गानं एका सुरात कविता म्हटली की गोजराचं तोंड सगळ्यांत ठळक हले. मान डोले, डोळे मिटत. मी दर वेळी तिच्या नावापुढं खूण करी. मग दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, आले. त्यांनी नेमकं तिलाच उभं केलं, पुस्तक मिटायला लावलं आणि म्हणाले, "हं, एकटी म्हण." गोजरानं तोंड हलवलं, आवाज निघाला नाही. पोरीला एक ओळ येत नव्हती! दिपोटी निघून गेल्यावर मी विचारलं, तर म्हणते, "गुर्जी, रोज समदे म्हणतेत, त्यात माझं बी भागायचं." परवा पाराशी हे आठवून त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या.

पाठांतर झालं की नाही हे पुस्तक मिटल्याशिवाय कळत नाही, एवढंच मी मास्तरकीत शिकलो. तुझी ती प्रतसुद्धा कोणी एकटी उभी करून म्हणून घेतली आहे का? मला त्यातलं काही समजत नाही. सहज विचारलं.

गुरुजी


हर्सूल
३ एप्रिल २०२४

गुरुजी,

तुम्ही सहज विचारलंत आणि माझी झोप उडाली.

पत्र वाचून आधी हसले. मग ऑफिसात एक रिकामं यंत्र पडलेलं होतं, त्यावर आदल्या रात्रीची प्रत उघडली. आमच्यात याला रिस्टोअर म्हणतात. उघडली तर छान उघडली. फेऱ्या दिसल्या, वस्त्या दिसल्या. मग मी तुमच्या टेकडीवरची पालं शोधली. नव्हती. मार्चमध्ये सुरू झालेली एकही वस्ती नव्हती. फेब्रुवारीची नव्हती. सगळं जानेवारीत थांबलेलं, त्याच दिवशी ज्या दिवशी मी कारभार हलवला.

चूक साधी आहे, आणि माझी आहे. कारभार नव्या यंत्रावर नेला, पण रात्री प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅमकडे जुन्याच यंत्राचा पत्ता राहिला. ते जुनं यंत्र बंद करायचं राहून गेलं होतं. तो इमानानं रोज रात्री जायचा, रिकाम्या घराची प्रत काढायचा आणि हिरवी खूण करायचा. काम झालं म्हणून खूण, कसलं झालं हे त्याला कोण विचारणार? या दोन महिन्यांत नवं यंत्र मेलं असतं तर ऐन उन्हाळ्यात टँकर कुठं पाठवायचे हे कोणालाच कळलं नसतं.

दुरुस्ती करायला चहा निवायचाही वेळ लागला नाही. पत्ता बदलला, नवी प्रत काढली, उघडून बघितली. तुमची टेकडी आहे त्यात.

मंदार सरांना लगेच सांगितलं. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाले, "मिटलं ना? मग मिटलं. मंडळात बोलू नकोस. नव्या वसाहतींचं पाणीवाटपाचं काम आपल्याला मिळायचंय, ही गोष्ट कचेरीत पोचली तर दार बंद."

पण गुरुजी, माझ्यासारखी खूण बघून निवांत बसलेले त्या खोलीत आणखी असतील. तेरा तारखेच्या शनिवारी मंडळ आहे. उठले तर नोकरीवर येऊ शकतं. नोकरी गेली तर बाबा त्या दगडावर कसे बसतील? सारजाबाई त्यांना बसू देईल का? बाबांना यातलं काही कळू देऊ नका. आणि मी काय करू ते लिहा.

प्रांजली


पिशोर
९ एप्रिल, पाडवा

बाळा,

गप्प बस.

गुढी उभारून हे लिहितो आहे, म्हणजे किती मनापासून लिहितो आहे ते समज. चूक झाली, तूच शोधलीस, तूच सुधारलीस. उत्तरपत्रिका देण्याआधी खाडाखोड केली तर कोणी गुण कापत नाही. ज्यांचं त्यांनी बघावं.

काल टेकडीवर गेलो होतो. सुगंधाबाईंनी, तुझ्या आईनं, तांब्याभर पाणी पुढं केलं. तिथं ते पाहुण्याला देणं म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. मुंजाबा म्हणाला, "घ्या गुर्जी, आपल्याच पोरीचं हाये." त्या माणसाची मान खाली गेलेली मला बघवणार नाही. म्हणून सांगतो, बोलू नकोस.

गुरुजी


हर्सूल
२६ एप्रिल २०२४

गुरुजी,

तुमचं पत्र शुक्रवारी मिळालं. शनिवारी मी उठले.

रागावू नका. तुमचं पत्र पर्समध्येच होतं. पण बोलायची वेळ आली तेव्हा बाबांची मान आठवली नाही, ती रिकामी प्रत आठवली. मी सगळं सांगितलं, गोजरबाईंचं नाव न घेता त्यांची गोष्टसुद्धा सांगितली. संपल्यावर कोणी हसलं नाही. मला वाटलं, झालं. आणि मग बघते तर अर्धी खोली मान खाली घालून मोबाईलमध्ये. एक जण निरोप न घेताच उठून गेला. त्यांना आपापल्या प्रती आठवल्या होत्या.

तो उठून गेलेला माणूस म्हणजे रामेश्वर. एका खासगी दवाखान्याचा डेटाबेस सांभाळतो. सोमवारी आमच्या ऑफिसात हजर, हातात पेढ्यांचा पुडा. दारातूनच ओरडला, "प्रांजली मॅडम, तुमचं जानेवारीपर्यंत तरी होतं. आमचं तर खुलताच नै! कुलूप लागेलं, चावी कोणाकडंच नै!" त्यांनी ते वेळेत निस्तरलं.

मंदार सर माझ्याशी शनिवारपासून बोलत नव्हते, पण पेढ्यासमोर माणूस कसा रागवेल? त्यांनी एक खाल्ला आणि म्हणाले, "कशाबद्दल आहेत तेच कळत नाही, अभिनंदनाचे की श्राद्धाचे."

रामेश्वरनं तिथंच एक गोष्ट काढली. आपली प्रत आपणच तपासली तर आपण स्वतःला पास करतो. तेव्हा एकाची प्रत दुसऱ्यानं उघडायची, शाळा पेपर बदलून तपासतात तशी. टँकरच्या माहितीत लपवण्यासारखं काही नाही, म्हणून आमची प्रत आता रोज त्याच्या एका रिकाम्या यंत्रावर जाते आणि तो ती उघडून बघतो. मंडळातल्या बऱ्याच जणांनी अशा जोड्या लावल्यात.

हे झालं गोड. कडू हे की गोष्ट कचेरीत पोचलीच. नव्या वसाहतींचं काम लांबणीवर पडलं. सरांनी मला टँकरवरून काढून बिलांच्या कामावर बसवलं. "काही दिवस," म्हणाले. किती, ते मी विचारलं नाही.

बाबांना सांगू नका. त्या फेऱ्या आता माझ्या नाहीत.

प्रांजली


पिशोर
२० मे २०२४

प्रांजली,

मागच्या पत्राला उत्तर लिहायला घेतलं आणि फाडलं. माझा सल्ला मोडलास याचा राग धरावा, तर पेढ्यांचं वाचून हसू येई. म्हातारा माणूस अशा वेळी उत्तर पुढं ढकलतो. पण आता लिहिणं भाग आहे. तू बरी आहेस ना? तिथं काही घडलं का?

मागच्या आठवड्यात पालं टेकडीवरून उठली. वरचं शेत झालं, आता नाल्याकाठच्या शेतात मेंढ्या बसवल्यात. ग्रामसेवकाच्या कानावर घातलं होतं. आणि दुसऱ्या दिवशी टँकर आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. गावात टाकी आहे, पण नाला लांब. बायका उन्हात हंडे घेऊन चालत गेल्या. कोकरं जिभा काढून सावलीला पडली.

मी गेलो तेव्हा सारजाबाईचा पट्टा सुरू होता. "कुठं गेली रं तुजी टँकरवाली? का पुण्याला लगीन करून गेली?" मुंजाबाचा मोबाईल दुकानात चार्जिंगला पडलेला. मी म्हटलं, आण आणि लेकीला फोन कर. तर म्हणाला, "नको गुर्जी. कामात आसंल. बापानं लेकराला कामावर हाका मारू नाय." तो दगडावर बसला नव्हता. नाल्याकडं तोंड करून उभा होता.

यमुनाबाई मुलीच्या बाळंतपणासाठी वैजापूरला गेल्या आहेत, मी घरात एकटा. परवा माझा मोबाईल सारखा थरथरत होता. उचलून 'कोण, कोण' केलं, घरघर ऐकली आणि ठेवून दिला. कर्ज हवं का म्हणून विचारणारे असावेत.

मग मीच मनावर घेतलं. स्टँडजवळच्या हॉटेलात टँकरचा ड्रायव्हर पुंडलिक बसलेला दिसला. तुझा हा गुरुजी अजून आवाज चढवू शकतो, बरं का! म्हटलं, "लाज नाही वाटत? तिथं लेकरं तहानलेली आणि तू भजी खातोस? पाणी विकतोस काय वाटेत?" तो तोंडात तंबाखू धरून काहीतरी पुटपुटला. मला ऐकू आलं नाही, पण चेहऱ्यावरून खोटंच बोलत असावा. आणि गंमत बघ, त्याच दुपारी टँकर नाल्याकाठी हजर! मास्तरांचा धाक अजून चालतो.

मुंजाबानं पाणी भरून घेतलं, पण 'पोरीची फेरी' म्हणाला नाही. म्हणून तुला विचारतो आहे.

गुरुजी


हर्सूल
२७ मे २०२४

गुरुजी,

आधी एक काम करा. पुंडलिककाकांना भेटा. ते खोटं बोलत नव्हते.

झालं असं. टँकर पहिल्यांदा चुकला त्या दिवशी सकाळी आमचं नवं यंत्र मेलं. उकाडा, वरून वीज सारखी ये-जा करत होती. सगळे पडदे काळे. मी बिलं बघत होते. मंदार सर माझ्या टेबलाशी आले, त्यांनी माझी बिलं बाजूला सारली. मग म्हणाले, "चल. तुझ्याशिवाय कोणाला तो वाडा ठाऊक आहे?"

मी रामेश्वरला फोन लावला. त्याच्याकडं आदल्या रात्रीची प्रत नुसती होती असं नाही, उघडून तयार होती. तो दवाखान्यातून अख्खं यंत्रच कडेवर घेऊन आला, बाळ आणावं तसं. "धक्का नका लावू, आत्ताच दूध पिऊन झोपलंय!" मंडळातले आणखी दोघं आले, एकानं डबा आणला. उन्हं डोक्यावर यायच्या आत ड्रायव्हरांच्या मोबाईलवर फेऱ्या पुन्हा दिसायला लागल्या. तालुक्यातले टँकर त्या दिवशी उशिरा गेले, पण गेले. मंदार सर मला म्हणाले, "मी तुला गप्प बसवत होतो." मला तेवढं पुरलं.

पण प्रत रात्रीची असते, गुरुजी. यंत्र मेलं त्या सकाळी ज्या नव्या गोष्टी त्यात घातल्या होत्या, त्या प्रतीत नव्हत्या. म्हणून मी एकेका ग्रामसेवकाला फोन करून विचारत बसले, आज काही बदल कळवला होता का? बाकी सगळे मिळाले. पिशोरचे ग्रामसेवक प्रशिक्षणाला गेलेले, त्यांचा फोन बंद. बाबांचा बंद. मग तुम्हाला लावला. एकदा नाही, बऱ्याचदा. तुम्ही 'कोण, कोण' म्हणालात आणि ठेवलात. मी इकडून ओरडत होते, "गुर्जी, पालं कुठं हायती?" अख्खं ऑफिस माझ्याकडं बघत होतं. शेवटी म्हटलं, बदल नसेल, टेकडीवरच असतील.

हरवलेल्या साऱ्या तालुक्यातून शेवटी माझीच वस्ती हरवली.

पुंडलिककाका दोन्ही दिवस टेकडीवर गेले होते. भोंगा वाजवला, माणूस नाही, म्हणून गावच्या टाकीत पाणी ओतून परतले. तुम्ही हॉटेलात झापलंत तेव्हा ते तेच सांगत होते. ते त्यांना लागलं. उठले, टेकडीवरून मेंढरांच्या मागावर चालत नाल्यापर्यंत गेले, पालं दिसल्यावर ऑफिसला फोन करून आम्हाला ओरडले आणि मग टँकर आणला.

आता मी पुन्हा टँकरवर आहे. पहिलं काम हे केलं की वस्ती म्हणजे जागा, ही आमची मांडणीच बदलली. आम्ही प्रत्येक वस्तीला एक जागा चिकटवून टाकली होती. घरं हलत नाहीत अशा लोकांनी बनवलेलं होतं ते, आणि पालात जन्मलेल्या मला इतके दिवस त्यात काही खटकलं नव्हतं. आता आधी माणसं नोंदवायची, ती आज कुठं आहेत हे वेगळं, आणि ते बदलणार हे धरूनच चालायचं. बाबांना म्हणावं, पालं हलवायच्या आधी मला फोन करा, ग्रामसेवकाला नंतर. कामात असले तरी करा.

आणि हे सगळं पत्र बाबांना तुम्हीच वाचून दाखवा. जानेवारीच्या चुकीपासून. फोनवर सांगायला मला धीर होत नाही.

प्रांजली


पिशोर
८ जून २०२४

प्रांजली बाळा,

पुंडलिकला भेटलो. त्याच हॉटेलात सगळ्यांदेखत म्हटलं, "चुकलो रे." त्यानं तंबाखू थुंकली, माझ्या कानाशी आला आणि गर्जला, "मास्तर, त्या दिवशी बी हेच म्हणत व्हतो, आधी कान दाखवा डाक्तरला!" मग त्यानंच भजी सांगितली. वैजापूरहून परतल्या की यमुनाबाई मला घेऊन कानाच्या यंत्राचं बघणार आहेत. मी नाही म्हटलेलं नाही.

पत्र नाल्याकाठी नेलं. पालापुढं सगळे बसले. सगळं वाचलं, जानेवारीपासून. मला मुंजाबाकडं बघायचा धीर नव्हता, म्हणून कागदातच तोंड घालून वाचत गेलो. तू ऑफिसातून ओरडलीस तिथं येऊन थांबलो.

सारजाबाईनं संधी सोडली नाही. "म्हंजी दोन दीस आमी तहानलो ते हिच्यापायीच की!"

"थांब," मुंजाबा म्हणाला. तो माझ्याजवळ सरकला. मग मला विचारलं, "गुर्जी, तेवढं परत वाचा. ती हाक मारल्यालं."

मी पुन्हा वाचलं. गुर्जी, पालं कुठं हायती.

"व्हय," तो म्हणाला. "कळपात मेंढरू चुकत आसतंय, सारजे. माज्या हातून बी लई चुकली. चुकल्यावर वाड्यात जाऊन झोपणारा येगळा आन अंधार पडोस्तर हाक मारणारा येगळा." मग सुगंधाबाईंकडं वळून म्हणाला, "दुकानातून फोन आणाया पाठीव कुणाला तरी."

परवा पालं पुन्हा हलली. नाल्याकाठचं शेत संपलं, पलीकडं बाभळीच्या माळावर जायचं ठरलं. आदल्या संध्याकाळी मुंजाबानं तुला फोन केला तेव्हा मी तिथंच होतो. माळाची वाट, वाटेतलं पडकं देऊळ, कोणत्या बाजूनं टँकरची चाकं रुतणार नाहीत, सगळं तो तुला इतक्या जोरात सांगत होता की फोन नसता तरी तुला हर्सूलला ऐकू गेलं असतं. मला तर प्रत्येक शब्द आला.

सकाळी मीही कळपामागून चालत गेलो. हौस, दुसरं काय? घोड्यांवर बिऱ्हाड, टोपल्यांत कोंबड्या, पुढं मेंढरांचा राखी ढग. उन्हानं माळ पांढरा पडला होता. चढ संपला तसा पुढं चालणारा मुंजाबा एकदम थांबला, त्याच्यामागं मेंढरं थांबली, त्यांच्यामागं आम्ही.

बाभळीखाली टँकर उभा होता. पुंडलिक चाकाला टेकून विडी ओढत होता. आम्हाला बघून त्यानं हात केला, "किती येळ, मुंजाबा! पानी गरम झालं की!"

मेंढरांना वास लागला आणि मग कोणाला कोणी आवरलं नाही. बायका हंडे उतरवत धावल्या. मुंजाबा मात्र जागचा हलला नाही. पटका सोडून त्यानं तोंड पुसलं, पुन्हा पुसलं. मला म्हणाला, "गुर्जी, आमी जिथं जातो तिथं आदुगर कुत्री भुकतेत. ह्या वक्ताला आदुगर पानी आलं."

सारजाबाईचा पहिला हंडा भरला होता. तो डोक्यावर चढवत तिनं वळून बघितलं आणि ओरडली,

"मुंजाबा, रडतो काय येड्यावानी! पोरीला फोन लाव आन इचार, पुढल्या येळेला कुठं जायाचं आपुन? तिला आदीच ठावं दिसतंय!"

तुझे,
सदाशिव गुरुजी